उघडू का, मिस्टर डी?

आमच्या गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये मटार, ओलं खोबरं, मोदकांचा एक विसरलेला डबा आणि बऱ्याचदा दोन-तीन लॅपटॉप असतात. घरी पाहुणे आले की माझी बायको मेधा त्यांना आधीच सांगून ठेवते, "दचकू नका, ती संजयची झुरळं आहेत."

लॅपटॉप आतून उबदार आणि अंधारा असतो, झुरळांना आणखी काय हवं? ज्या इमारतींमध्ये हिवाळ्यात हीटिंग धड चालत नाही, तिथून दुरुस्तीला आलेल्या यंत्रात ती हमखास निघतात. बॅटरी काढायची, यंत्र पिशवीत हवाबंद करायचं, तीन दिवस गोठवायचं, पिशवीतच हळूहळू गरम होऊ द्यायचं आणि मग ब्रशने झाडायचं. सत्तावीस वर्षं मी या देशात कंप्युटरचं काम करतो आहे, पण हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. नेवार्कमधल्या मिस वॉन्डा यांनी शिकवलं.

मिस वॉन्डा एका चर्चच्या तळघरात शाळेनंतरचं केंद्र चालवतात. वय साठीच्या पुढे, आवाज असा की मुलं जिन्यावरच पळायची थांबतात. माझी नोकरी नदीपलीकडच्या एका विमा कंपनीत. कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप द्यायचे, बिघडले तर बघायचे, हरवले तर दुरून बंद करायचे. आठवडाभर हे पोटासाठी करतो आणि शनिवारी तेच मिस वॉन्डांच्या तळघरात करतो. तिथल्या मुलांना 'देशकर' म्हणता येत नाही, म्हणून मी मिस्टर डी. तिथलं बोलणं अर्थातच इंग्रजीत असतं, इथे मी ते मराठीत लिहितो आहे.

लॅपटॉप येतात आपल्याच लोकांकडून. मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या टेबलाशेजारी आम्ही एक टेबल मांडतो, 'जुने लॅपटॉप इथे द्या'. लोक देतात. काही जण पासवर्डची चिठ्ठी चिकटवून देतात, काही जण मुंजीच्या फोटोंसकट देतात. एक गृहस्थ आठवड्याने चार्जर परत मागायला आले होते. या यंत्रांतलं सगळं पुसायचं, बॅटरी बदलायची, नवी प्रणाली घालायची आणि ज्यांच्या घरात कंप्युटर नाही अशा मुलांना द्यायचं. फोन असतो त्यांच्याकडे, पण फोनवर निबंध लिहून बघा एकदा.

आमच्या मुलांची एक सवय मी मंडळात कौतुकाने सांगत असे. केंद्रात आल्यावर ती लॅपटॉप टेबलावर ठेवतात, झाकणाला हात लावत नाहीत, आधी माझ्याकडे बघून विचारतात, "उघडू का, मिस्टर डी?" आमचे बापट काका तर प्रत्येक सभेत म्हणायचे, "बघा, शिस्त लावली आपल्या संजयने." मी संकोचाने हसायचो, पण आतून मला बरं वाटायचं. त्या सवयीबद्दलच लिहायचं आहे. दिवाळी अंकात लिहायला विषय हलका हवा असं मला संपादकांनी सुचवलं होतं. झुरळांपर्यंत तो हलका होता.

बापट काका मंडळाचे जुने विश्वस्त. पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेले, निवृत्त इंजिनियर, मनाने चांगले. पहिली वीस यंत्रं द्यायच्या आधी त्यांच्या बेसमेंटमध्ये सभा झाली. पोहे झाले, चहा झाला, आणि काका म्हणाले, "अरे, तुझं कौतुकच आहे, पण उद्या हेच लॅपटॉप कुठे विकायला दिसले तर लोकांना काय सांगायचं? यांच्या वस्तीत ह्या गोष्टी होतात, मी न्यूज बघतो."

कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही. उलट मी म्हणालो, "काका, त्याची सोय करता येईल."

ही सोय म्हणजे माझा रोजचा धंदाच होता. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो. यंत्र इंटरनेटला जोडलं की तो आमच्या नोंदवहीत हजेरी लावतो. तीस दिवस हजेरी लागली नाही तर यंत्र हरवलं असं समजायचं. ते स्वतःला कुलूप लावतं, आणि त्याचं नाव माझ्या यादीत येतं. मग मी ते पुसून टाकायची आज्ञा देऊ शकतो. आज्ञा लगेच पोचत नाही. यंत्र ज्या क्षणी पुन्हा इंटरनेटला जोडलं जाईल त्या क्षणी त्याला ती मिळते आणि आतलं सगळं जातं. कंपनीचा हाच नियम मी जसाच्या तसा उचलून नेवार्कच्या मुलांना लावला. कुलपाच्या पडद्यावरचा मजकूरही मीच लिहिला: 'हा संगणक तुमच्या मालकीचा नाही. तो ताबडतोब परत करावा.'

घरी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं तर मेधा कणीक मळता मळता म्हणाली, "आपल्या चिन्मयच्या लॅपटॉपवर लावलंस का असलं काही?"

"तो कशाला विकेल लॅपटॉप?"

"विकला नाही त्याने. एअरपोर्टवर विसरला, आणि तू दुसऱ्या दिवशी नवा घेऊन दिलास."

मी विषय बदलला.

मला हे आधीच कळायला हवं होतं असं म्हणायला माझ्याकडे कारण आहे. मी अमरावतीला कॉलेजात असताना कंप्युटरची खोली एकच होती. वातानुकूलित, गालिचा घातलेली, चपला बाहेर. किल्ली एका सहायकाकडे असायची आणि ते चहाला गेलेले असायचे. मला अर्ध्या तासाची वेळ मिळायची, त्यातली दहा-पंधरा मिनिटं मी अनवाणी दारात उभा राहून घालवायचो. ते आले की म्हणायचं, "सर, आत येऊ का?" त्या खोलीवर मी चार वर्षं चिडलो होतो. आणि मग नियम करायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी तीच खोली पुन्हा बांधली.

टियाना आमच्याकडे आली तेव्हा सोळा वर्षांची होती. कमी बोलायची, खिशात मोजपट्टी घेऊन फिरायची. तिच्या रस्त्यावरची बंद पडलेली दुकानं ती मोजायची. दारं, खिडक्या, पायऱ्या, सगळं वहीत लिहायची आणि मग लॅपटॉपवर त्यांचे नकाशे काढायची. त्या जागी पुढे काय करता येईल याचेही. शहरातल्या एका कॉलेजात वास्तुरचनेचा उन्हाळी अभ्यासक्रम होता. त्यात निवडलेल्या मुलांना पुढे पदवीला शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळायचा. त्यासाठी निदान आठ नकाशे पाठवायचे होते. तिला लॅपटॉप देताना मी म्हणालो होतो, "आता हा तुझा."

तीन हिवाळ्यांपूर्वी केंद्राच्या तळघरातला हीटिंगचा पाइप फुटला. गुडघाभर पाणी झालं आणि केंद्र पाच आठवडे बंद राहिलं. मी स्वतः बूट घालून यंत्रं वर काढायला गेलो होतो, म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. एका सोमवारी सकाळी ट्रेनने ऑफिसला जाताना फोनवर यादी आली. आठ लॅपटॉपची तीस दिवस हजेरी नाही. एकदम आठ. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: काका म्हणत होते तेच झालं.

मी नावं वाचली नाहीत. यादीच्या वर 'सगळे निवडा' असं बटण असतं. ते दाबलं, मग 'पुसा' दाबलं, मग खात्री विचारली तिथे हो म्हटलं. गाडी तेव्हा नेवार्कमधूनच चालली होती. खिडकीतून चर्चचा मनोरा दिसतो, तो मी रोज बघतो. त्या दिवशीही बघितला.

त्या आठ मुलांच्या घरी इंटरनेट नव्हतं. त्यांची हजेरी लागायची ती फक्त केंद्राच्या वायफायवर, आणि केंद्र बंद होतं. एवढी साधी गोष्ट. माझ्या पद्धतीत जो सर्वांत गरजू, तोच सर्वांत आधी चोर ठरत होता.

बुधवारी अकराच्या सुमारास ऑफिसात मिस वॉन्डांचा फोन आला. आवाज आनंदी होता. "मिस्टर डी, पाइप झाला. आज तीन वाजता उघडतोय आपण. आणि ऐका, टियाना चर्चमध्ये चिठ्ठी ठेवून गेलीय. शनिवारपासून तिचा लॅपटॉप कुलूपबंद आहे म्हणे, काहीतरी दरडावणारं वाक्य येतं त्यावर. तिचे नकाशे त्यात आहेत. शुक्रवारी दुपारी बाराला पाठवायचेत. तीनला पहिली तीच येणार आहे. तुम्ही करून द्याल ना?"

कुलूप काढणं दोन मिनिटांचं काम होतं. पण त्या लॅपटॉपला केंद्राचं वायफाय पाठ होतं. केंद्रात येऊन तिने झाकण उघडलं की यंत्र आपणहून जोडलं जाणार, आणि सोमवारची माझी आज्ञा तिथे वाट बघत बसलेली होती. आज्ञा मागे घेता येते का ते मी बघितलं. आम्ही घेतलेल्या फुकटच्या सेवेत ती सोय नव्हती.

एक वाक्य पुरलं असतं. "मिस वॉन्डा, वायफायचा डबा बंद ठेवा, मी येईपर्यंत चालू करू नका." त्यांनी नक्की विचारलं असतं, का? आणि मला सांगावं लागलं असतं की मी आठ मुलांना चोर समजलो, नावंही न वाचता. मी फोनवर म्हणालो, "मी येतो. तीनच्या आत पोचतो."

"तुम्ही बरे आहात ना?"

"हो. मीटिंगमध्ये आहे जरा."

पुढचे तीन तास मी काय काम केलं ते आठवत नाही. ऑफिसातून निघून ट्रेन आणि चालणं धरून पस्तीस मिनिटं लागतात. दोनच्या आधीच निघायचं ठरवलं होतं. एकला साहेबांनी बैठक लावली आणि ती लांबली. मला उठता आलं असतं. मुलाला शाळेतून आणायचं म्हणून लोक रोज उठतात. मी घड्याळाकडे बघत बसून राहिलो, कारण उठलो तर इथेही कारण सांगावं लागणार होतं. अडीच वाजून गेल्यावर बाहेर पडलो. प्लॅटफॉर्मवरून मिस वॉन्डांना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. चौथ्यांदा निरोप ठेवला, "वायफाय बंद करा, प्लीज, लगेच बंद करा." त्या तेव्हा फुटपाथवर उभ्या राहून दाराला फुगे बांधत होत्या, फोन आत टेबलावर होता.

चर्चचा जिना उतरलो तेव्हा तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. फुगे, ओल्या भिंतींचा वास, मुलांचा गलका. टियाना कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. तिच्यासमोरच्या पडद्यावर पांढऱ्या रंगावर एक गोल फिरत होता. नव्या यंत्रावर येतो तसा. त्याखाली भाषा निवडा असं आलं.

"मिस्टर डी," ती म्हणाली, "कुलूप गेलं. पण हा मला माझं नाव विचारतोय."

मिस वॉन्डा म्हणाल्या, "चांगलं आहे ना? उघडलं म्हणजे."

मी खुर्ची ओढून बसलो. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी पाच मिनिटं बघितल्यासारखं केलं. मग म्हणालो, "सिस्टीमने आपोआप पुसलेलं दिसतंय. असं होतं कधी कधी."

टियाना माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. "सगळं?"

"सगळं."

"अकरा होते."

तिने पिशवीतून मोजमापांची वही काढली आणि पहिलं पान उघडलं. मी दुसरं यंत्र आणून दिलं. गुरुवारी आणि शुक्रवारी सुट्टी टाकून तिच्याशेजारी बसलो. ती आकडे सांगायची, मी टाइप करायचो. ज्याने घर जाळलं तोच पाणी घेऊन उभा होता, आणि मिस वॉन्डा त्याला कॉफी आणून देत होत्या. "देव तुमचं भलं करो, मिस्टर डी." शुक्रवारी बाराला पाच नकाशे झाले होते. आठ हवे होते. तिने पाच पाठवले.

तिची निवड झाली नाही. पाच म्हणून झाली नाही की आणखी कशामुळे, ते त्या पत्रात नव्हतं. आता ती काउंटी कॉलेजात, म्हणजे इथल्या कमी फीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात जाते, अर्धवेळ नोकरी करते आणि शनिवारी केंद्रात यंत्रं दुरुस्त करते. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. बाकीच्या सात मुलांचे लॅपटॉप त्याच आठवड्यात एकेक करून पुसले गेले. त्यांच्यात गृहपाठ होते, गाणी होती, एकाने लिहायला घेतलेली गोष्ट होती. प्रत्येकाला मी तेच वाक्य सांगितलं. सिस्टीमने आपोआप केलं. तीस दिवसांचा नियम मी गुपचूप काढून टाकला आणि काकांना सांगितलं की तांत्रिक कारण आहे.

या वसंतात मिस वॉन्डा म्हणाल्या, "मिस्टर डी, तुमची पाठ दुखते, माझे गुडघे. हे आता टियानाकडे द्या. पासवर्डसकट."

मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली. कारण त्या सेवेत एक नोंदवही असते. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणतं बटण दाबलं, सगळं तिथे राहतं आणि ते पुसायला बटण नसतं. टियानाला पासवर्ड मिळाला की तिला त्या सोमवारची ओळ दिसणार होती. यावरही मी उपाय शोधला, हे सांगायला हवं. सगळी यंत्रं नव्या खात्यावर हलवायची आणि जुनं खातं बंद करायचं. नोंदवही त्याबरोबर गेली असती. सुरक्षेसाठी नवं खातं बरं, असं कारणही तयार केलं होतं. चार यंत्रं हलवून झालीसुद्धा.

पाचव्याच्या वेळी मेधा गॅरेजमध्ये खोबरं काढायला आली. "काय करतोस?"

तिला मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती फ्रीजरला टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या मुलीचं दुसऱ्यांदा पुसतोयस."

चारही यंत्रं मी जुन्या खात्यावर परत आणली.

त्यानंतरच्या शनिवारी, मुलं यायच्या आधी, टियानाला पासवर्ड दिला आणि म्हणालो, "नोंदवहीत दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी बघ. आधी मीच सांगतो. ते सिस्टीमने नाही, मी केलं होतं."

तिने पान उघडलं, खाली गेली, ओळ सापडली. "सोमवार, आठ वाजून बारा मिनिटं. ट्रेनमध्ये होतात?"

"हो."

"मला वाटलंच होतं तुम्ही असणार."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. लॅपटॉप देताना तुम्ही म्हणालात, आता हा तुझा. मग पडद्यावर आलं, हा तुझा नाही. दुसरं वाक्य लिहिणारा इथे आणखी कोण आहे? मिस वॉन्डांना तर ईमेल नीट पाठवता येत नाही."

मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "मला एवढंच कळलं नाही की सांगितलं का नाहीत. सकाळी अकराला मिस वॉन्डांनी फोन केला होता तुम्हाला. चार तास होते."

"घाबरलो."

"कोणाला? मला?" ती जरा हसली, पण ते हसू लगेच गेलं. "माझं जाऊ द्या. त्या सात जणांना सांगा. ती दर शनिवारी तुम्हाला विचारतात ना, उघडू का म्हणून. का विचारतात माहितेय?"

मला एकदम कळलं, आणि कळल्यावर नको वाटलं.

"त्यांना वाटतं, इथे येऊन झाकण उघडलं की जातं सगळं. तुम्ही हो म्हणालात तर जात नाही. डेव्हॉन तर घरून फोटो काढून आणतो प्रत्येक पानाचा."

मंडळात मी ज्या शिस्तीच्या गोष्टी सांगत होतो ती ही होती.

मी त्या शनिवारी सांगू शकलो नाही. मुलं आली, लॅपटॉप ठेवले, माझ्याकडे बघितलं, आणि मी सवयीने मान हलवली. टियानाने दिवसभर मला एकही यंत्र दुरुस्तीला दिलं नाही. पुढच्या शनिवारी सगळ्यांना टेबलाभोवती बसवून सांगितलं. साध्या शब्दांत, कारणासकट. मला वाटलं होतं ती चिडतील. चिडली नाहीत, तेच जास्त लागलं. डेव्हॉनने फक्त विचारलं, "म्हणजे आम्ही ते विकले असं वाटलं तुम्हाला?" मी हो म्हणालो. त्याने शेजारच्याकडे बघून खांदे उडवले, त्याच्यासाठी हे काही नवं नसावं तसे. मिस वॉन्डा दारात उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मला कॉफी आणून दिली नाही. पुढच्या वेळी दिली, पण "देव तुमचं भलं करो" म्हणाल्या नाहीत.

बापट काकांनाही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शंका मी काढली होती, संजय." मी म्हणालो, "पण बटण मी दाबलं, काका."

आता यंत्रांवर कुलूप नाही. या उन्हाळ्यात एक लॅपटॉप खरंच हरवला, बसमध्ये. त्या मुलीला टियानाने दुसऱ्या दिवशी दुसरा दिला आणि काही विचारलं नाही.

गेल्या शनिवारी मी मागच्या टेबलाशी बसून झुरळं झाडत होतो. मुलं आली. त्या सातांपैकी चौघांनी बसल्या बसल्या झाकणं उघडली. तिघं अजून थांबतात आणि विचारतात, "उघडू का?" पण आता ती माझ्याकडे बघत नाहीत, टियानाकडे बघतात. ती मान वर न करता म्हणते, "तुझाच आहे तो."